एकाच पाण्याचे दोन हिशेब

भीमा खोऱ्यात नदीचे पाणी आणि भूजल एकत्र मोजण्याच्या प्रयत्नांचा आढावा

उन्हाळा चढला की सोलापूर जिल्ह्यात एक प्रश्न ज्याच्यात्याच्या तोंडी असतो : उजनी कितीवर आली? 'धरण मायनसमध्ये गेलं' म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. त्यातला ६३ टीएमसीहून थोडा अधिक मृतसाठा आणि उरलेला सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून पाणी त्या रेषेच्या खाली उतरले की आकडा उणे होतो. वर्तमानपत्रात उणे ५० टक्के छापून येते तेव्हाही धरणात सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. जून २०२४ मध्ये आकडा त्याच्याही खाली गेला होता.

धरणाच्या पाण्याचा असा रोजच्या रोज जाहीर हिशेब निघतो. त्याच खोऱ्यातल्या विहिरींना आणि बोअरना मात्र असा आकडा नाही. सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजली जाते. एरवी शेतकऱ्याचे माप एकच : मोटार किती वेळ चालते. दिवाळीला दिवसभर चालणारी मोटार होळीला दोन तासांत बंद करावी लागली, की पाणी संपत आले.

हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवण्याची सवय इतकी मुरली आहे की ती कायद्यातही उतरली. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याची महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशात वाटणी करताना बच्छावत लवादाने नदीच्या पाण्याचा टीएमसीत हिशेब केला. १९७३ चा निवाडा आणि १९७६ चा पुढचा अहवाल यांतून ही वाटणी पक्की झाली. मात्र भूजलाबाबत लवादाने स्पष्टच म्हटले, की आपापल्या हद्दीतले भूजल वापरायला राज्ये मोकळी आहेत आणि तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरला जाणार नाही. त्या काळी विहिरी उथळ होत्या, बोअर विरळ होते आणि भूजल किती आहे हे मोजण्याची साधनेही अपुरी होती. त्यामुळे निर्णय व्यवहार्य होता. पण निसर्गात ही भिंत नाही. दिवाळीनंतर ओढ्याला जे पाणी वाहते, ते आजूबाजूच्या जमिनीत मुरलेलेच पाणी असते. विहिरीतून ते उपसले तर ओढा लवकर आटतो, आणि ओढा आटला की खालच्या धरणात तेवढे पाणी कमी येते. कागदावर मात्र विहिरीचे पाणी एका रकान्यात आणि धरणाचे दुसऱ्या रकान्यात, असे तेच पाणी दोनदा जमा होत राहते.

नदीखोऱ्याची गणिती मॉडेल्स नेमकी या दुहेरी नोंदीला हात घालतात. पडलेल्या प्रत्येक मिलिमीटर पावसाचे पुढे काय झाले, त्याचा जाब ती मागतात. किती वाहून गेला, किती पिकांनी उचलला, किती मुरला, मुरलेल्यातला किती पुन्हा नदीत आला. बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी पाणी दोनदा मोजले गेले आहे किंवा मोजायचे राहिले आहे. भीमेच्या खोऱ्यात गेल्या दीड-दोन दशकांत असे बरेच काम झाले. त्यातून बरेच काही कळले, आणि कुठे घोडे अडते तेही कळले.

खोरे : घाटावर चेरापुंजी, माढ्यात माळरान

भीमाशंकरला उगम पावलेली भीमा ८६१ किलोमीटर वाहत जाऊन कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण आणि सीना या तिच्या उपनद्या. अभ्यासक ज्याला वरची भीमा म्हणतात, ते खोरे सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटरचे आहे. घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला गेले की शंभर किलोमीटरच्या आत तो पाचशेवर येतो. मॉडेल करणाऱ्याची पहिली परीक्षा इथेच असते. पर्जन्यमापक बहुतेक सपाटीवर, गावाजवळ. पाणी मात्र येते डोंगरावरच्या पावसाचे. घाटातल्या एखाद्या केंद्राची नोंद चुकली किंवा गाळली गेली, तर धरणात आलेल्या पाण्याचा मेळ कशानेच बसत नाही.

दुसरी अडचण माणसांनी करून ठेवलेली. उजनीच्या वर दीड डझनभर धरणे आहेत. खडकवासला साखळीचे पाणी पुणे पिते आणि त्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून पुन्हा भीमेत येते. त्यातले काही मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून कालव्यात सोडले जाते. मुळशी आणि लोणावळा परिसरातल्या टाटांच्या धरणांचे पाणी तर खोऱ्यातच राहत नाही. भिरा, भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजगृहांमधून ते घाट उतरून कोकणात जाते. नदी नैसर्गिक उतारावर वाहते असे गृहीत धरून मांडलेले समीकरण अशा खोऱ्यात पहिल्याच वर्षी तोंडघशी पडते. धरणाचे दार कधी उघडले आणि कालव्याचे आवर्तन कधी सुटले, ही माहिती इथे पावसाइतकीच महत्त्वाची ठरते.

तिसरी गोष्ट जमिनीखालची. पुरंदर किंवा माढा तालुक्यातली एखादी जुनी, न बांधलेली विहीर पाहिली की महाराष्ट्राचे भूजलशास्त्र उघडे दिसते. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली पिवळट मुरूम. मग सांधे आणि भेगा पडलेला खडक, त्याखाली बारीक छिद्रांचा मांजऱ्या, मध्येच एखादा गेरूसारखा तांबडा पट्टा आणि तळाशी घण मारला तर ठिणगी उडवणारा काळा पाषाण. ओल दिसते ती मुरमाच्या तळाशी, भेगांच्या तोंडाशी आणि तांबड्या पट्ट्याच्या वर. विहीर पुरेनाशी झाली की तिच्या भिंतीत आडवे बोअर मारतात, ते याच भेगांच्या शोधात. दोनशे फुटांवरच्या शेजाऱ्याच्या विहिरीत हाच क्रम वेगळ्या खोलीवर सापडतो, आणि एखाद्या थराचा पत्ताही नसतो.

या खडकात पाणी मावते तरी किती? भूजलाच्या अंदाजासाठी देशात वापरल्या जाणाऱ्या कार्यपद्धतीत बेसॉल्टसाठी, म्हणजे याच काळ्या खडकासाठी, साधारण २ टक्के हा दर धरतात. म्हणजे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात विहिरींची पातळी एक मीटरने खाली गेली, तर दहा लाख घनमीटर खडकातून निघालेले पाणी फक्त २० हजार घनमीटर. उसाला मोकाट पाणी दिले तर हेक्टरी २० ते ३० हजार घनमीटर लागते. शंभर हेक्टर शिवारातली मीटरभर पातळी एका हेक्टर उसालाही जेमतेम पुरते. भीमा खोऱ्यात भूजल आणि ऊस यांचा विषय निघाला की आवाज का चढतात, त्याचे उत्तर बरेचसे या गुणाकारात आहे.

दोन घराणी

पाण्याच्या गणिताची दोन घराणी शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांशी फारसे न बोलता वाढली. एक वरच्या पाण्याचे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये मुल्वॅनी याने पावसाच्या तीव्रतेवरून पुराचा अंदाज करण्याची रीत मांडली. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने कर्व्ह नंबरची पद्धत आणली. माती कोणती, तिच्यावर पीक कोणते, आधी किती पाऊस झाला, यावरून एक अंक ठरवायचा आणि त्यावरून पावसाचा किती भाग वाहून जाईल ते काढायचे. आपल्याकडे पाझर तलावापासून शेततळ्यापर्यंत अनेक अंदाजपत्रकांत हीच पद्धत वापरली जाते. १९६६ मध्ये क्रॉफर्ड आणि लिन्स्ले यांचे स्टॅनफर्ड मॉडेल आले आणि संपूर्ण पाणलोटाचे गणित संगणकावर गेले. नव्वदच्या दशकात जेफ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी 'स्वॉट' तयार केले. हे मॉडेल आज जगभर वापरले जाते. खोऱ्याचे उपपाणलोट पाडायचे, प्रत्येकात माती, उतार आणि पीक सारखे असलेले तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा रोजचा हिशेब ठेवायचा, अशी त्याची रीत.

दुसरे घराणे जमिनीखालचे. १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम करताना हेन्री दार्सी याने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते याचा नियम बांधला. पातळीतला फरक आणि वाळूची पाणी जाऊ देण्याची क्षमता यांवर वेग ठरतो. भूजलाची बहुतेक मॉडेल्स आजही याच नियमावर उभी आहेत. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९८० च्या दशकात 'मॉडफ्लो' बाहेर काढले. त्यात जमीन चौकोनी घरांत आणि थरांत विभागतात आणि प्रत्येक घरातून शेजारच्या घरात किती पाणी जाईल ते सोडवतात.

दोन्ही घराण्यांची खोड एकमेकांना पूरक आहे. स्वॉटला पीक, पाऊस आणि ओढा नीट कळतो, पण भूजल त्याच्या लेखी प्रत्येक तुकड्याखालची एक साधी टाकी असते. शेजारच्या टाकीशी तिचा संबंध नसतो. मॉडफ्लोला पाणी जमिनीखालून कुठून कुठे जाते ते कळते, पण पाऊस किती मुरला हे त्याला बाहेरून सांगावे लागते. दोघांना एकत्र नांदवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रीझ आणि हार्लन यांनी तिचा आराखडा १९६९ मध्येच मांडला होता. युरोपात डेन्मार्क, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बांधलेल्या मॉडेलमधून पुढे 'माइक-शी' तयार झाले. अमेरिकेत २००८ मध्ये 'जीएसफ्लो' आले आणि पुढच्या दशकात स्वॉट व मॉडफ्लो यांची थेट जोडणी झाली. अशा जोडणीत स्वॉट रोजचे मुरलेले पाणी मॉडफ्लोला देते आणि मॉडफ्लो नदीला झिरपलेले पाणी परत करते.

सिद्धांताची बाजूही तोवर स्पष्ट झाली होती. चार्ल्स थाइस याने १९४० मध्येच दाखवून दिले होते की विहिरीतून उपसलेले पाणी तीनच ठिकाणांहून येऊ शकते : खडकातला साठा कमी होऊन, पुनर्भरण वाढून किंवा नदी-झऱ्यांना मिळणारे पाणी घटून. आधी साठा खर्ची पडतो आणि मग हळूहळू नदीचा वाटा कमी होऊ लागतो. या दोन टप्प्यांत महिने जातील की वर्षे, हे खडकावर आणि विहीर नदीपासून किती लांब आहे यावर अवलंबून. आज मारलेल्या बोअरचा फटका ओढ्याला कधी बसेल, ते साध्या वजाबाकीने सांगता येत नाही. मॉडेल लागते ते इथे.

मुळा-मुठेवरचे शहर

भीमा खोऱ्यातला एक नीटस अभ्यास पुण्याच्या वरच्या अंगाला झाला. पॉल वॅग्नर, शमिता कुमार आणि कार्ल श्नायडर यांनी मुळा-मुठेचे सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र स्वॉटमध्ये मांडले आणि उपग्रहचित्रांवरून १९८९ ते २००९ या वीस वर्षांत जमिनीचा वापर कसा बदलला ते तपासले. शहरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेले होते आणि लागवडीखालची जमीन ९.७ वरून १३.५ टक्क्यांवर.

पुणे इतके फुगल्यावर पाण्याचा ताळेबंद पार बदलला असेल, असे कोणालाही वाटेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मात्र वेगळा होता. संपूर्ण क्षेत्राच्या पातळीवर बदल जवळजवळ शून्यावर आले. सिमेंटखाली गेलेल्या जमिनीतून वाहून जाणारे पाणी वाढले आणि नव्या शेतीने हवेत सोडलेले पाणीही वाढले. दोन्ही परिणामांनी एकमेकांना खाऊन टाकले. उपपाणलोटांकडे पाहिले की चित्र पालटते. जिथे शहर पसरले तिथे वाहून जाणारे पाणी ७.६ टक्क्यांपर्यंत वाढले होते, आणि जिथे शेती वाढली तिथे बाष्पीभवन आणि पिकांचा पाणीवापर मिळून ५.९ टक्क्यांपर्यंत वाढ होती.

यातला धडा प्रशासनाच्या कामाचा आहे. खोऱ्याच्या तोंडाशी मोजलेला एकच आकडा सगळे आलबेल असल्याचे सांगू शकतो आणि त्याच वेळी आतल्या एखाद्या ओढ्याकाठच्या वस्तीत दरवर्षी पाणी घुसू शकते. मॉडेलचा उपयोग कोणत्या मापावर होणार आहे, हे आधी ठरवावे लागते.

उपसा आणि तीस वर्षे

जमिनीखालच्या पाण्यासाठी, तेही संपूर्ण वरच्या भीमेत, मॉडफ्लोचा वापर झाला. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतल्या सुरिनायडू, पावेलिक आणि त्यांच्या सहकाऱ्याने बेसॉल्टमधल्या भूजलाचे प्रादेशिक मॉडेल बांधून, उपसा आणि हवामान यांच्या वेगवेगळ्या शक्यता चालवून पाहिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचा निष्कर्ष असा : उपसा त्या वेळच्याच वेगाने चालू राहिला, तर पुढच्या तीन दशकांत पातळी सुमारे ६ मीटरने खाली जाईल. पातळी स्थिर ठेवायची तर उपसा ५ ते १० टक्क्यांनी घटवावा लागेल आणि त्याशिवाय खोऱ्यातून सरासरी वाहून जाणाऱ्या पाण्यापैकी २० ते ३० टक्के पाणी जमिनीत मुरवावे लागेल. नुसता थोडा कमी उपसा करून भागणार नाही.

सहा मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण या खडकात उपसण्याजोगे पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असते. दहा-पंधरा मीटर खोलीच्या विहिरीला सहा मीटर म्हणजे उन्हाळ्याचा सगळा आधार.

त्याहून महत्त्वाचे आहे ते २० ते ३० टक्के. खोऱ्यातून वाहून जाणारे हे पाणी बेवारस नाही. ते उजनीत अडते, पंढरपूरच्या पुढे जाते, कर्नाटकात शिरते. वर मुरवायचे म्हणजे खाली तेवढे कमी सोडायचे. मुरवलेल्यातले काही पाणी हिवाळ्यात ओढ्यांतून परत येईल हे खरे. पण ते वाटेतल्या मोटारींच्या तावडीतून सुटले तरच. या एका निष्कर्षात भूजलाचा प्रश्न थेट नदीवाटपाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, आणि लवादाने वेगळे ठेवलेले दोन रकाने पुन्हा एका पानावर येतात.

शासनानेही या खोऱ्यात मॉडेल्स बसवली. जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने डेन्मार्कच्या 'डीएचआय'च्या साहाय्याने निर्णय-साहाय्य प्रणाली उभारली. त्यासाठी महाराष्ट्रातले नमुना खोरे म्हणून उजनीपर्यंतची भीमा निवडली गेली. कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी पुराचा अंदाज आणि धरणांचे विसर्ग ठरवणारी वेगळी प्रणालीही आली. पुराचे मॉडेल तुलनेने लवकर रुजते, कारण त्याचा निकाल चोवीस तासांत लागतो : अंदाज बरोबर आला की चुकला ते पुलावरच दिसते. भूजलाच्या मॉडेलचा निकाल दहा वर्षांनी लागतो, तोवर अधिकारीही बदललेला असतो.

गावाच्या चावडीवर

खोऱ्याचे मोठे मॉडेल आणि गावातला निर्णय यांच्यामध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करणाऱ्या या यंत्रणेने राज्य सुमारे दीड हजार पाणलोटांत विभागले. सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींच्या नोंदी तिच्याकडे आहेत. राज्याच्या क्षेत्राला भागले तर ८० चौरस किलोमीटरला एक विहीर पडते. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून टंचाईचा अंदाज काढतात. केंद्रीय भूजल मंडळाबरोबर केल्या जाणाऱ्या मूल्यांकनात उपसा पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर पाणलोट सुरक्षित, ९० टक्क्यांच्या वर शोषित आणि १०० टक्क्यांच्या वर अतिशोषित ठरतो. पाऊस किती मुरला यासाठी बेसॉल्टच्या प्रकारानुसार साधारण ७ ते १३ टक्के धरतात. गणित ढोबळ आहे, पण राज्यभर एकाच रीतीने होते.

गावपातळीवर याहूनही साधे हिशेब चालले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे तिचे नियम. कऱ्हेच्या त्या कोरड्या खोऱ्यात किती पाणी मुरते याचा अंदाज आल्याशिवाय हे नियम सुचलेच नसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारात पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर रब्बीची पिके ठरतात. सिंचनासाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातल्या रंदुल्लाबादने पुण्याच्या 'ॲक्वाडॅम' संस्थेच्या मदतीने आपल्या गावाखालचा खडक समजून घेतला आणि बोअर रोखण्याचा निर्णय केला. या गावांनी आकडेमोड जेमतेम पाटीवर मावेल एवढीच ठेवली, पण उपसा तिच्यावर बांधून घेतला.

शासकीय योजनांत पाणी अडवण्यावरचा खर्च आणि उपशावरचा हात यांचा तोल उलटा राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात कॅगने म्हटले, की भूजलपातळी वाढवण्यात आणि गावांची पाण्याची गरज भागवण्यात त्याचा परिणाम तोकडा होता. नाला खोल केला, बंधारा घातला, पाणी मुरले. पण त्याच हंगामात शेजारी नवे बोअर आणि नवा ऊस आला, तर पातळी पुन्हा जागच्या जागी. शिवाय वरच्या गावाने अडवलेले पाणी खालच्या पाझर तलावात पूर्वी जात होते का, याची नोंद कुठल्याच गावाच्या आराखड्यात नसते.

नंतरच्या योजनांत हिशेबाला अधिक जागा मिळाली. मराठवाडा आणि विदर्भावर भर असलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावनिहाय ताळेबंदाचे साधन बनवले. त्यात माती, उतार आणि पीक यांच्या नकाशांवर रोजचा पाऊस चालवून किती पाणी वाहिले, किती मुरले आणि पिकाला किती कमी पडले ते निघते. महसूल मंडळांत बसवलेल्या महावेधच्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे हे शक्य झाले. अटल भूजल योजनेतही गावाने आधी ताळेबंद मांडावा आणि मग कामे मागावीत, अशी रीत घातली गेली.

घोडे कुठे अडते

मॉडेल बांधणाऱ्यांच्या कामात सगळ्यात जास्त वेळ समीकरणांत जात नाही. तो मॉडेल जुळवण्यात जातो. नदीचा मोजलेला विसर्ग आणि विहिरींची मोजलेली पातळी यांच्याशी मॉडेलचे उत्तर जुळेपर्यंत आतले आकडे फिरवत राहायचे. इथे ब्रिटिश जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी दशकानुदशके दाखवलेली खोच लागते : अगदी वेगवेगळे आकडे घालूनही तेच उत्तर येऊ शकते. भीमा खोऱ्यात तिचे रूप असे. पाऊस कमी मुरतो आणि उपसाही कमी आहे असे धरले, तरी विहिरींची पातळी जुळते. पाऊस जास्त मुरतो आणि उपसाही जास्त आहे असे धरले, तरी जुळते. मागची वीस वर्षे दोन्ही मॉडेल्स सारखीच खरी दाखवतात आणि पुढच्या वीस वर्षांसाठी वेगवेगळी उत्तरे देतात. पहिल्यात ठिबकने फारसे वाचत नाही, दुसऱ्यात बरेच वाचते.

कालव्यांनी हा गोंधळ आणखी वाढतो. नीरेचा डावा कालवा १८८५ चा. त्याच्या लाभक्षेत्रात जमिनी इतक्या खारवल्या की हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कालव्याचे पाणी मुरून खालची पातळी वर आली होती. आज त्याच लाभक्षेत्रातल्या विहिरी आवर्तन सुटले की भरतात. त्या विहिरीचे पाणी भूजल धरायचे की कालव्याचे? आणि कालव्याला अस्तर करून गळती थांबवली, तर वाचलेले पाणी कोणाच्या विहिरीतून वजा करायचे?

उपग्रहांनी काही कोडी सोडवली. पिकांनी किती पाणी हवेत सोडले याचा अंदाज आता चित्रांवरून बराच बांधता येतो. २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून उत्तर भारतातली भूजलघट दाखवली. पण ग्रेसची नजर लाखभर चौरस किलोमीटरच्या पल्ल्याची. वरची भीमा तिच्या एका ठिपक्यात मावते. बेसॉल्टमधला साठा मुळातच थोडा आणि वर धरणांत कोट्यवधी घनमीटर पाणी चढते-उतरते. त्या गोंगाटात विहिरींचा आवाज हरवतो.

खात्यांची मांडणीही जुनीच आहे. राज्यात धरणे जलसंपदा विभागाकडे, भूजल यंत्रणा पाणीपुरवठा विभागाखाली आणि बंधारे मृद व जलसंधारण विभागाकडे. केंद्रात नद्यांसाठी केंद्रीय जल आयोग आणि भूजलासाठी वेगळे मंडळ. या दोन्ही केंद्रीय संस्था एकत्र करून राष्ट्रीय जल आयोग नेमावा, अशी शिफारस मिहिर शहा समितीने २०१६ मध्ये केली. ती कागदावर राहिली. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालण्याची तरतूद केली. तिची अंमलबजावणी करायची, तर गावात किती बोअर आहेत आणि ते किती खोल आहेत याची यादी आधी हवी.

म्हणूनच पुढच्या मॉडेलला सर्वाधिक उपयोगी पडेल ती माहिती नदीतही नाही आणि आकाशातही नाही. ती मोटारीच्या पेटीत आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांचे बिल मोठ्या प्रमाणावर अश्वशक्तीवर ठरत आले आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. त्यामुळे मोटार किती तास चालली हे नोंदवण्यात ना शेतकऱ्याला रस उरला, ना वीज कंपनीला. दुसरीकडे शासकीय योजनांतून दिल्या जाणाऱ्या सौर पंपांना दूरस्थ देखरेखीचे उपकरण बसवलेले असते आणि पंप रोज किती चालला याची नोंद आपोआप होते. ही नोंद शेतकऱ्याचे नाव न घेता पाणलोटनिहाय एकत्र करता येते. ती ऑक्टोबर-मेच्या पातळ्यांशेजारी ठेवली, तर कमी उपसा-कमी पुनर्भरण आणि जास्त उपसा-जास्त पुनर्भरण या दोन मॉडेलांतले कोणते खरे, हे एखाद्या पाणलोटापुरते दोन-तीन हंगामांत ठरवता येईल. कऱ्हेचे किंवा सीनेचे एखादे खोरे त्यासाठी पुरेसे आहे.